स्पीड फुल्ल, पान उघडेना

ऑगस्ट महिना आमच्या धंद्यात अहवालांचा. पतसंस्था, दूध संस्था, शिक्षकांच्या सोसायट्या, सगळ्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत उरकाव्या लागतात, म्हणजे अहवाल त्याआधी सभासदांच्या घरी पोचला पाहिजे. मी मिरजेत घरीच डीटीपी करतो. ताळेबंदाचे आकडे उजवीकडून एका रेषेत आणणं, चेअरमनचा फोटो व्हाइस चेअरमनपेक्षा दोन मिलिमीटर मोठा ठेवणं आणि 'सहकारमहर्षी' हा शब्द एका ओळीत बसवणं, ही माझी कामं. अशा ऐन हंगामात माझं नेट आजारी पडलं. आजार असा, की तपासणारा प्रत्येक जण म्हणायचा पेशंट ठणठणीत आहे.

लक्षणं सांगतो. जीमेल उघडलं की पांढरं पान. मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजत बसायचं. सात-आठपर्यंत गेलं की पान धाडकन यायचं, आणि एकदा आलं की सगळं सुसाट. चाळीस एमबीची पीडीएफ कोल्हापूरच्या छापखान्याला लावली की चहाचा कप उचलेपर्यंत गेलेली असायची. दुसऱ्या साइटवर गेलो की पुन्हा पांढरं पान, पुन्हा मोजणी. आणि गंमत म्हणजे तीच साइट पाच मिनिटांनी परत उघडली तर लगेच उघडणार. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये करायला मी एक कन्व्हर्टर वापरतो. तो रोज सकाळी पहिल्यांदा उघडताना रडायचा, नंतर तासभर गुणी बाळासारखा वागायचा.

जुलैअखेर मी कंपनी बदलली होती. जुन्या कंपनीची वायर त्या पावसात तीनदा तुटली आणि तिसऱ्यांदा जोडायला पाच दिवस लागले, तेव्हा हात जोडले. नव्या कंपनीचं कनेक्शन शंभर एमबीपीएसचं. त्यांनी त्यांची पेटी भिंतीला लावली, पण तिची रेंज माडीवर पोचत नाही, म्हणून तिच्यापुढे माझा जुनाच राउटर ठेवला. जोडणीला आलेल्या पोराने माझ्या राउटरमध्ये नवा युजर आयडी आणि पासवर्ड टाकला, नेट चालू करून दाखवलं आणि गेला. त्याचं काम त्याने चोख केलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

पहिली तक्रार केली तेव्हा तोच पोरगा आला. बाविशीतला, पाठीवर सॅक, सॅकेत फायबर जोडायचं यंत्र. पेटीची वायर काढून त्याने पॉवर मीटरला लावली. उणे १९ आलं. "काका, पॉवर एक नंबर हाय. उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या पलीकडं गेलं की मग गडबड." मग स्वतःचा फोन माझ्या वायफायला जोडून त्याने स्पीड टेस्ट लावली. काटा फिरला आणि ९४ वर थांबला.

"फुल्ल हाय की ओ."

"अरे पण पान उघडंना."

"लॅपटॉप जुना झालाय काका तुमचा."

आणि तक्रार क्लोज. माझ्या फोनवर मेसेज आला, आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे.

दुसऱ्या वेळी मी फोनवर त्याला नको ते बोललो. स्पीडचे आकडे दाखवून लोकांना गंडवता का, वगैरे. तो गप्प ऐकून घेत होता, ते आता जास्त लागतं.

घरात कोणाची साथ नव्हती. लेक म्हणाली, "बाबा, माझ्या फोनवर तर मस्त चालतंय." तिने समोर बसून धडाधड दहा साइट उघडून दाखवल्या. तेच वायफाय, तोच राउटर. आता लॅपटॉपवर आळ येणारच. मग मी तीन रात्री त्या लॅपटॉपच्या मागे लागलो. अँटिव्हायरस रात्रभर फिरवला. न लागणारे चौदाशे फॉन्ट उडवले, त्यात दोन लागणारे गेले. ब्राउझर पुसून परत टाकला.

होस्ट्स नावाची फाइलसुद्धा उघडून बघितली. विंडोजच्या पोटात, सिस्टिम ३२ च्या आत, ड्रायव्हर्स, मग ईटीसी, तिथे ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात जुन्या एका सॉफ्टवेअरच्या चार ओळी सापडल्या. त्या तिथे कशा आल्या ते विचारू नका. काढून टाकल्या, फरक शून्य. पण त्या फाइलची गोष्ट मला आवडली. इंटरनेटचं पूर्वरूप होतं अर्पानेट, तेव्हा जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं आणि त्यांचे आकडी पत्ते अशी एकच यादी असायची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची मंडळी ती सांभाळायची, आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. सभासद यादी लावणाऱ्या माणसाला यातला त्रास सांगायला नको. यादी छापून येईपर्यंत चार जण वारलेले असतात आणि सहा जण पत्ता बदलून सांगलीला गेलेले असतात. जाळं वाढत गेलं तशी ती यादी पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं, म्हणजे नाव सांगितलं की आकडी पत्ता देणारी व्यवस्था. यादी एका जागी न ठेवता वाटून द्यायची, आणि ज्याला हवं त्याने हवं तेव्हा विचारायचं. होस्ट्स फाइल म्हणजे त्या जुन्या यादीचं घरोघरी राहिलेलं खोड.

चौथ्या दिवशी माडीवरून आवाज आला. "अहो, हे नुसतं गोल गोल फिरतंय." टीव्हीवर मालिका उघडत नव्हती. मी वर जाईपर्यंत सुरू झाली, चित्र एकदम स्वच्छ, कुठे अडकणं नाही. मी जिन्यातच बसलो. लॅपटॉप निर्दोष होता. आजार दोघांना सारखाच होता, सुरुवातीला दम लागायचा आणि मग धावायचं. फक्त लेकीचा फोन का सुटला, ते कळत नव्हतं.

आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं त्याचा एवढाच फायदा, की पानाच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे नजर जाते. त्या रात्री पांढऱ्या पानाकडे न बघता ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बघत बसलो. पान यायच्या आधी तिथे सहा पॉइंटात दोन शब्द उमटत होते: 'रिझॉल्व्हिंग होस्ट'. पाच-सहा सेकंद तेच. मग ते शब्द गेले की डोळ्याचं पातं लवायच्या आत पान हजर. म्हणजे पान आणायला वेळ लागतच नव्हता. पानाचा पत्ता शोधायला लागत होता.

आमच्याकडे सतारीचा आवाज बसका झाला की नवखा माणूस तारा बदलतो. कारागीर आधी जवारीकडे, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागाकडे बघतो. मी चार दिवस तारा बदलत होतो.

मग काळी खिडकी उघडली, कमांड प्रॉम्प्ट. आमच्या पिढीला तिची भीती नाही, डॉसवर हात बसलाय. आधी लिहिलं पिंग, म्हणजे समोरचा किती वेळात उत्तर देतो ते बघायची कमांड, आणि पुढे ८.८.८.८. हा नुसता आकडी पत्ता, गूगलचा. एंटर मारतोय तोवर चार ओळी आल्या, प्रत्येकी बावीस-तेवीस मिलिसेकंद. मग पिंग आणि पुढे विकिपीडियाचं नाव. या वेळी कर्सर लुकलुकत राहिला. एक. दोन. तीन. चार. पाच. आणि मग एकदम नाव, नावापुढे आकडा आणि चार ओळी भराभर. वेळ फक्त पहिल्या ओळीच्या आधी गेला होता. लगेच तीच कमांड परत दिली, आता उशीर नाही, कारण पत्ता लॅपटॉपच्या लक्षात राहिला होता. पाच मिनिटांनी साइट लगेच का उघडते, याचं उत्तर इथेच मिळालं. आणि त्या पोराची स्पीड टेस्ट ९४ का दाखवायची, तेही. स्पीड टेस्ट मोजायला लागते ती पत्ता मिळाल्यानंतर. आधी दारात किती वेळ उभं राहावं लागलं, ते त्या काट्यात धरत नाहीत. तोही खरं बोलत होता, मीही खरं बोलत होतो.

पुढची कमांड एनएसलुकअप. ही फक्त पत्ता विचारते, बाकी काही नाही. नाव दिलं, तर वर एक वाक्य आलं, डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट, टाइमआउट वॉज २ सेकंड्स. तेच पुन्हा एकदा. आणि मग उत्तर. उत्तर देणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१, म्हणजे माझाच राउटर. आता खरी चाचणी. दुसरं एक नाव घेतलं, आधी कधी न विचारलेलं, आणि त्याच्यापुढे एक जागा सोडून ८.८.८.८ लिहिलं. याचा अर्थ राउटरला विचारू नकोस, थेट गूगलच्या डीएनएसला विचार. उत्तर तत्काळ. कुणाला हा त्रास असेल तर बाकी काही करण्याआधी एवढी एक तुलना करा, दोन मिनिटांचं काम आहे. अर्थात पेटीवरचा एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर या फंदात पडू नका, तिथे वायरच तुटलेली असते.

मग लॅपटॉपच्या वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ टाकून बघितलं. लॅपटॉप पळायला लागला. टीव्ही मात्र अजून गोल गोल. म्हणजे खोट राउटरमध्येच.

राउटरच्या पानावर शिरायला पासवर्ड लागतो, आणि तो मला आठवत नव्हता. तो डायरीत असणार. पतसंस्था दर वर्षी डायरी देतात, माझ्याकडे त्यांची चळत आहे. २०२१ च्या डायरीत मे महिन्यात सापडला. वर दुधाचा हिशेब, खाली राउटरचा पासवर्ड, आणि त्याच्या खाली माझ्याच अक्षरात दोन ओळी. 'डीएनएस १' आणि पुढे एक लांबलचक आकडा. 'डीएनएस २' आणि पुढे ८.८.८.८.

बघताक्षणी सगळं आठवलं. लॉकडाऊनमध्ये जुन्या कंपनीचं नेट असंच अडखळायचं. तेव्हा त्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, हा आमचा डीएनएस नंबर राउटरमध्ये हाताने टाका. दुसरा नंबर मी एका व्हिडिओत बघून टाकला होता. राउटरच्या पानावर गेलो तर ती खूण तशीच, 'खालील डीएनएस पत्ते वापरा' या अर्थाच्या चौकोनात टिक, आणि खाली तेच दोन आकडे. कंपनी बदलली, युजर आयडी बदलला, पासवर्ड बदलला. पत्ता मात्र घरातला प्रत्येक जण अजून जुन्या कंपनीलाच आधी विचारत होता.

यातली खरी मेख समजून घेण्यासारखी आहे. स्टेशनवर उतरून तुम्ही कुणाचं घर विचारताय. पहिल्या पानपट्टीवाल्याकडे गेलात. तो ओळखीच्या गिऱ्हाइकांनाच उत्तर देतो, आणि तुम्ही आता त्याचं गिऱ्हाईक नाही. तो "माहीत नाही, पुढं विचारा" म्हणाला असता तर तुम्ही लगेच पुढच्या दुकानात गेला असता. पण तो मान वर करतच नाही. तुम्हाला वाटतं, ऐकलं नसेल, म्हणून परत विचारता. असं करून करून मग पुढच्या दुकानात जाता आणि तो एका वाक्यात सांगतो. इंटरनेट कंपन्यांचे डीएनएस बहुतेक करून आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. सगळ्यांना खुला ठेवलेला डीएनएस वापरून त्याच्याआडून तिसऱ्याच कुणावर हल्ला करता येतो. प्रश्न नकाराचा नव्हता, मौनाचा होता. दोन्ही नंबर मेलेले असते तर नेट पूर्ण बंद पडलं असतं आणि अर्ध्या तासात निदान झालं असतं. एक मेलेला आणि एक जिवंत, म्हणून तीन आठवडे गेले. आणि हल्लीचं एक पान म्हणजे एक पत्ता नसतो. फोटो एकीकडून, जाहिरात दुसरीकडून, फॉन्ट तिसरीकडून. प्रत्येकाला आधी त्या मुक्या पानपट्टीवर थांबावं लागायचं.

टिक काढली, 'सेव्ह' दाबलं, राउटर उठून बसला. माडीवरून पुन्हा आवाज आला, "अहो, लगेच लागलं!" चार दिवसांत माझ्या कामाची तिच्याकडून झालेली ही पहिली नोंद.

लेकीच्या फोनचं कोडं नंतर तिनेच सोडवलं. गेममधल्या जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' लावलेलं होतं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय फोनमध्येच आहे. तिचा फोन राउटरला पत्ता विचारतच नव्हता, स्वतःच्या वेगळ्या माणसाला विचारत होता, तेही बंद पाकिटातून. म्हणजे घरातल्या ज्या साक्षीवर मी लॅपटॉपला दोषी ठरवलं, ती साक्षीदार त्या वाटेने कधी गेलीच नव्हती. आता दुखणं घरभर आहे की एकाच यंत्रात, हे तपासताना मी फोनमधली ती सोय आधी बंद करायला लावतो.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेट अडखळतंय म्हणून व्हिडिओ बघायला जा, दहातले नऊ जण सांगणार, आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस करा. मीही केलं होतं, दिवसातून चार-चार वेळा. ती कमांड लक्षात ठेवलेले पत्ते पुसून टाकते. एखाद्या साइटचा पत्ता बदलला आणि लॅपटॉप जुनाच धरून बसला तर ती खरंच उपयोगी. पण माझ्या बाबतीत ते लक्षात ठेवलेले पत्तेच तेवढे मला तारत होते, आणि मी ते दर दोन तासांनी स्वतःच्या हाताने पुसत होतो.

आता राउटरमध्ये काय ठेवायचं यावर घरी चर्चा झाली. लेक म्हणाली, क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ टाका. ते १ एप्रिल २०१८ ला सुरू झालं, तारीख एप्रिल फूलची, पण अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिला की चार आणि एक, म्हणजे चार वेळा एक. गूगलचं ८.८.८.८ त्याच्याही आधीचं, डिसेंबर २००९ पासूनचं. दोन्ही चांगली, दोन्ही फुकट. पण आपण कोणकोणते पत्ते विचारतो ते विचारणाऱ्याखेरीज उत्तर देणाऱ्यालाही कळतं, तेव्हा कुणाला कळू द्यायचं एवढीच निवड आपल्या हातात. मी सध्या नव्या कंपनीचाच आपोआप येणारा डीएनएस ठेवलाय. तो बंद पडला तर हाताने टाकीन. तेव्हा मात्र दोन्ही नंबर एनएसलुकअपने वेगवेगळे विचारून बघीन, आणि कंपनी सोडताना काढून टाकीन. राउटरच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून तारीख लिहिली आहे आणि खाली 'डीएनएस ऑटो'. डायरीत लिहिलेलं डायरीत राहतं.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन केला. माझी तिसरी तक्रार अजून त्याच्या नावावर उघडी होती. आधी, त्या दिवशी बोललो त्याबद्दल मनावर घेऊ नकोस म्हटलं. मग सगळं सांगितलं. त्याने जुन्या डीएनएसचं ऐकून नुसतं "आयला" म्हटलं. मग मागे कसला तरी आवाज, कुठल्या तरी खांबावर असावा.

"मग काका, तक्रार क्लोज करू का?"

"कर की."

"कारण काय टाकू? ॲपमध्ये चारच हायत. फायबर कट, पॉवर लो, पेटी खराब, नायतर ग्राहकाचं उपकरण."

"शेवटचं टाक," म्हटलं.

"मागच्या दोन वेळंला पण तेच टाकलंय," तो म्हणाला.